तळ्याकाठचं वळण

बाप गावाच्या टोकाकडून रूळ टाकत चालला होता आणि लेक दुसऱ्या टोकाकडून तेच रूळ उचलत चालली होती. बापाची लाइन दोन बोटं रुंद होती, लेकीची खरीखुरी. बापाला यातलं निम्मंच ठाऊक आहे, अशी लेकीची समजूत होती.

बाप पेशाने बेकरीवाला. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्याने भट्टी थंड केली आणि शटर कायमचं अर्ध्यावर ओढलं. पण पहाटे उठायची खोड काही जाईना. पाव भाजायचे नाहीत, तर त्या एवढ्या मोठ्या पहाटेचं करायचं काय? मग पावांच्या फळ्या जिथे असत त्या भिंतीलगत त्याने लांबच लांब टेबल मांडलं आणि त्यावर फाट्याची लाइन बांधायला घेतली. गावातून निघायचं, शेतं ओलांडायची, तळ्याला वळसा घालायचा आणि खाणीपाशी जाऊन थांबायचं, अशी ती एकेरी लाइन. बंद पडून तिला कैक वर्षं लोटली होती. बेकरी नवी असताना पावांच्या टोपल्या तिच्याच सकाळच्या गाडीने जात. बापाला नेमकं तेच वर्ष हवं होतं. नंतर आलेलं निळं इंजिन नको. नंतर पाडलेली पाण्याची टाकी मात्र उभी पाहिजे, आणि तिचा रंग कोणता होता हे विचारत तो गावातल्या म्हाताऱ्यांचे उंबरे झिजवायचा.

"बाजारात तयार रूळ मिळतात म्हणे," आई भट्टीच्या कठड्यावर बसून म्हणायची.

"मिळतात. पण ते कुठल्याच गावचे नसतात."

बाप पातळ लाकडाच्या काड्या कापायचा, चहाच्या पाण्यात शाई कालवून त्यात भिजवायचा आणि रुळांखालच्या म्हाताऱ्या स्लीपरांसारख्या काळपट झाल्या की चिमट्याने एकेक उचलून कागदी नकाशावर चिकटवायचा. मग रूळ. दोन्ही रुळांच्या मधे पितळी माप ठेवायचं आणि टाचणीच्या डोक्याएवढे खिळे श्वास रोखून आत दाबायचे.

"मला लग्नाचं विचारतानासुद्धा यांनी एवढी काळजी घेतली नव्हती," आई म्हणायची. "सरळ म्हणाले, येतेस का? जणू बसमध्ये जागा धरून ठेवलीय."

लेक रेल्वेत इंजिनियर होती. नव्या लाइनी टाकायच्या या हौसेने ती नोकरीत शिरली. पण नशिबाने जिथे जिथे नेमणूक झाली, तिथे उचलायचंच काम निघालं. बंद पडलेल्या सायडिंगा, बुजलेली यार्डं. "मी रुळांची न्हावी आहे," ती हसत सांगायची. आणि आता वरून हुकूम आला होता फाट्याच्या लाइनीचा. खाणीपासून सुरुवात करायची, गावापर्यंत सगळं साफ.

तिने घरी सांगितलं, तिकडे दुरुस्तीचं काम निघालंय. तोंडातून गेलं ते गेलं. संध्याकाळी ती परते तेव्हा तिच्या हातांना गंजाचा आणि डांबराचा वास असे. बाप टेबलावरून मान वर न करता विचारी, "चिमे, खाणीच्या सायडिंगचा गाडी अडवणारा शेवटचा ठोकळा दगडी की लाकडी?"

"उद्या बघून सांगते."

दुसऱ्या दिवशी ती सांगायची: लाकडी, वरून पत्रा मारलेला, डाव्या कोपऱ्याला चीर. बाप खूश. लाकडाचा इवलासा ठोकळा तयार व्हायचा, डाव्या कोपऱ्याला चिरेसकट. तिकडे खऱ्या ठोकळ्याचा ट्रक कधीच निघून गेलेला असायचा. जेवताना लेकीला वाटे, आपण लाइन उचलत नाही, बादलीबादलीने घरी आणून ओततो आहोत.

मग तळ्याचं वळण आलं आणि बापाचं घोडं अडलं. जुना फोटो एकच होता, आणि त्यात धुकं, लव्हाळे आणि धुक्यातून अर्धवट बाहेर आलेलं इंजिन एवढंच दिसत होतं. आईचं बालपण त्याच वळणावरचं, तिचे वडील तिथे फाटकवाले होते. बापाने तिला खोदून खोदून विचारलं.

"मी काय स्लीपर मोजत बसले होते? मी बगळे बघायचे," आई म्हणाली.

लेकीच्या माणसांची टोळी तेव्हा वळणाच्या तोंडाशी येऊन ठेपली होती. तिने खिशातून एक खिळा काढून बापासमोर ठेवला. रुळाला स्लीपरवर धरून ठेवणारा, चौकोनी अंगाचा, जाड मानेचा खराखुरा खिळा. "तळ्याजवळचा आहे, बाबा. तुमच्यासाठी आणला."

बापाने तो भिंगाखाली धरला. बराच वेळ फिरवला.

"हा गळून पडलेला नाही," तो हळूच म्हणाला. "उपटलाय. मानेवर पहारीचे ओरखडे बघ, अजून चकाकतायत."

लेक तळव्यावरचा गंज पुसत राहिली.

"कुठवर आलात?"

"वळणाच्या पलीकडच्या तोंडापर्यंत. उद्या वळण घेणार."

"तूच?"

"मीच, बाबा."

बापाने चिमटा खाली ठेवला. "वाटलंच होतं. उभ्या लाइनीला कुणी एवढं न्याहाळत नाही. जाणाऱ्यालाच माणूस असं बघून घेतं."

तो रागावला असता तर लेकीला सोपं गेलं असतं. तो रागावला नाही. दुसऱ्या पहाटे उठला, पण टेबलापाशी गेला नाही. थंड भट्टीकडे तोंड करून बसून राहिला. लेक दारात उभी राहून बघत होती. बापाची पाठ अशी रिकामी तिने कधी पाहिली नव्हती.

आईने चहाचा पेला त्याच्या हातात कोंबला. "अहो, पोरगी रूळ उपटतेय, तुमचे दात नाही. वळण अजून जागेवर आहे ना? मग सुतकी तोंड करून इथे काय बसलाय? चला बघायला. मीही येते. माहेर आहे माझं ते."

तिघं पोचली तेव्हा तळ्यावर धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. लव्हाळ्यांची नुसती टोकं वर दिसत होती. टोळीचा मुकादम मोठ्या मिशांचा आणि त्याहून मोठ्या गप्पांचा, पण त्या सकाळी तोही हलक्या आवाजात बोलत होता.

"बाई, ढकलगाडी काढू का? सामान हलवायला ठेवलीय. आज शेवटचीच फेरी म्हणा."

ढकलगाडी म्हणजे चार चाकांवरची सखल फळी. आई पुढे पाय सोडून बसली. बाप बसला नाही. तो फळीवर पालथा पडला, हातांची घडी घालून त्यावर हनुवटी टेकली, डोळे रुळांच्या अगदी जवळ आणले. घरी टेबलाला नाक लावून तो असाच बघायचा. लेक आणि मुकादम मागून ढकलायला लागले.

चाकं गुणगुणल्यासारखी फिरू लागली. धुक्यातून एकेक स्लीपर येई, बापाच्या डोळ्यांखालून सरके आणि मागच्या धुक्यात विरघळे. कितीतरी स्लीपरांवर लेकीच्या हातची खडूची फुली होती. हे वळण तिने टेप घेऊन पायी कितीदा पालथं घातलं होतं, पण त्यावरून गाडी अशी कधी नेली नव्हती. आता तिला आपल्या पावलांचा आवाज लांबून येतोय असं वाटलं. धुक्याने मागची शेतं पुसली, पुढचा बांध पुसला, उरली फक्त दोन काळ्या रेघा आणि त्यांच्यावरून तरंगत चाललेली आपली माणसं. आपण खऱ्या मापाचे आहोत की बेकरीतल्या टेबलावर बोटभर होऊन चाललो आहोत, हे तिला सांगता आलं नसतं. विचारावं तर कुणाला? बाप डोळे मिटायला तयार नव्हता आणि आई स्वतःशीच हसत होती.

वळणाच्या मध्यावर लाइन हलकेच खाली बसली. स्लीपरांच्या फटींतून पाणी चुळकन वर आलं. ढकलगाडी पुढे सरकताच लाइन मागे पुन्हा वर उठली, झोपलेल्या जनावराची कूस हलावी तशी.

"बघितलंत?" आई म्हणाली. "लहानपणी आम्ही म्हणायचो, गाडी इथे चालत नाही, पोहते. इंजिन आलं की आमच्या ओट्यावरचं भांडंसुद्धा डुलायचं."

"अगं, मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही स्लीपर विचारलेत. डुलण्याचं कुठे विचारलंत?"

बाप फळीवरून उतरला आणि ओल्या खडीत गुडघे टेकून बसला. स्लीपर इथे दाटीवाटीने घातलेले होते, काही तर नुसते उभे चिरलेले ओंडके. त्याने त्यांच्यामधलं अंतर हाताच्या वितीने घेतलं, मग तळवा पसरून जमीन दाबली.

"माझं सगळंच चुकलंय," तो म्हणाला. आवाजात दुःख नव्हतं, नवल होतं. "मी फळीवर रूळ टाकलेत. हे तर गादीवर टाकलेत."

"खाली काय असेल?" लेकीने मुकादमाला विचारलं.

"ते उचलल्यावरच कळेल, बाई."

धुकं विरळ होत गेलं. टोळी आली, पहारी आल्या. लेकीने बापाला म्हटलं, "आता तुम्ही आईबरोबर घरी जा. हे बघायला थांबू नका."

बाप हलला नाही. तो मुकादमापाशी गेला आणि त्याची पहार मागितली.

"बाबा, अहो, गुडघे..."

"एक तरी मी उपटतो. सगळं तुझ्या एकटीच्या माथी कशाला?"

मुकादमाने पहारीचं तोंड खिळ्याखाली बसवून दिलं. बापाने जोर लावला. काही होईना. मग लेकीने त्याच्या हातांवर आपले हात ठेवले, दोघांनी मिळून भार टाकला, आणि खिळा एक लांब, कण्हल्यासारखा सूर काढत वर आला. पाण्यावरचे बगळे उडाले. आईने तोंड तळ्याकडे फिरवलं होतं. ती बगळेच बघत होती, की आणखी काही, लेकीला कळलं नाही.

दुपारपर्यंत वळण निघालं. स्लीपरांखाली खडी, आणि खडीखाली फांद्यांच्या जुड्या निघाल्या, वेलीने बांधलेल्या, आडव्याउभ्या अंथरलेल्या. पाण्यात राहून त्या कुजल्या नव्हत्या. कुणीतरी कधीकाळी तळ्याकाठची ही दलदल रागे न भरता, समजूत घालून ओलांडली होती. लेक कडेला उकिडवी बसली आणि बघता बघता त्या जुड्यांवर पाणी चढलं.

घरी आल्यावर बापाने टेबलावरचं वळण सुरीने खरवडून काढलं. त्या जागी फळी कापली तेव्हा भोक पडलं, आणि आता भोकावर काय घालायचं यावर खल झाला. रबर फार उसळतं. कापूस बसला की उठत नाही. शेवटी लेकीलाच सुचलं. पीठ फुगायला ठेवलं की त्यावर पांघरायची लोकरीची जुनी घोंगडी कपाटात पडून होती. तिची पट्टी कापून भोकावर ताणली, तर बोटाने दाबल्यावर बसायची आणि सोडल्यावर सावकाश वर यायची.

"आता तू टाक," बाप म्हणाला आणि चिमटा तिच्यासमोर धरला.

"मी? मला फक्त काढता येतं, बाबा."

"म्हणून तर. कुठली गोष्ट कशाने धरून ठेवलेली असते, हे काढणाऱ्याला बरोबर कळतं."

तिने पहिली काडी उचलली. एवढी वर्षं टनांनी लोखंड हलवणाऱ्या तिच्या हातांतून ती दोनदा निसटली. पहिली वाकडी बसली, दुसरी तिच्याहून वाकडी. बापाने भिंगातून पाहिलं आणि सरळ केली नाही. "इथे अशाच होत्या," एवढंच म्हणाला. त्या पहाटेनंतर कितीतरी पहाटे दोघं शेजारी शेजारी बसली. बाप खिळे दाबी, लेक पितळी माप धरी. बोलणं बेताचंच. शटरखालून उजेड येई आणि जमिनीवरून सरकत सरकत टेबलाच्या पायापर्यंत पोचे.

पहिल्यांदा गाडी सोडली ती आईने. छोटं काळं इंजिन, मागे मालाच्या दोन वाघिणी, एकीत मोहरीएवढ्या टोपल्या. वळणावर येताच लाइन केसभर खाली गेली आणि मागे पुन्हा वर आली. आईने टेबलावर दोन्ही तळवे टेकले आणि काही न बोलता गाडीला फिरून फिरून वळणावरून जाऊ दिलं. इतका वेळ ती गप्प बसल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

फाट्याचं काम संपलं तसं वरच्यांनी लेकीला पुढची बंद यार्डं दाखवली. तिने या वेळी मान डोलावली नाही. नवी लाइन जिथे पडते आहे तिथे पाठवा, म्हणून धोशा लावला आणि हेलपाटे घालत राहिली. उशिरा का होईना, पाठवलं. नव्या लाइनीचा पहिला तुकडा अंथरून झाला तेव्हा आईबाप बस पकडून बघायला गेले. उघडं माळरान होतं, आणि त्यावर सिमेंटचे पांढरे स्लीपर क्षितिजापर्यंत गेले होते, एकसारखे एक.

बाप चालत चालत बराच पुढे गेला, थांबला, परत आला.

"कसं वाटलं, बाबा?"

"सरळ आहे. भक्कम आहे," तो म्हणाला. जरा घुटमळला. "पण सगळे एका चेहऱ्याचे. यांतल्या कुणाशी ओळख कशी व्हायची?"

"होईल, बाबा. अजून यांच्यावरून कुणी गेलंच नाहीये."

बापाला ते पटलं असावं. उन्हाने तापलेल्या रुळावर त्याने तळवा ठेवला, चटका बसला तसा उचलला, आणि पुन्हा ठेवला.