डाळिंबांवरून काकूंच्या डोक्यावर

मित्रांनो, मी एक जुना पांढरा कपडा आहे. दुकानात माझं नाव क्रॉप कव्हर, पण काष्टीच्या शिवारात मला नुसतं ‘कपडा’ म्हणतात. माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे मला कुणी विचारलं नाही, नाहीतर मी लग्नातला शालू व्हायचं मागितलं असतं. माझ्या वाट्याला आली गहिनीनाथांची डाळिंबाची बाग. भर उन्हात फळांवर चट्टे पडू नयेत म्हणून मला झाडांवर पांघरत. ऊन अंगावर घ्यायचं आणि फळांना बेताचं तेवढंच द्यायचं, हे माझं काम. व्यापारी फळ हातात घेऊन म्हणायचा, "काय रंग हाय!" स्तुती फळाची व्हायची, फुगायचो मी.

पुढे काट्यांनी मला ठिकठिकाणी फाडलं. नवा कपडा आला आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. मांजरीने माझ्यावर पिल्लं घातली. त्याचं वाईट वाटलं नाही, पण पिल्लं घेऊन तीही निघून गेली, तेव्हा फार एकटं वाटलं.

एके दिवशी गहिनीनाथांची लेक सृष्टी कॅमेरा घेऊन अंगणात आली. फोटो काढण्यात ती अगदी नवखी. नगरच्या विजयाताईंनी आपल्या दुकानातल्या खणाच्या साड्यांचे फोटो काढायचं काम तिला दिलं होतं, तेही पहिलंवहिलं. संध्याकाळपर्यंत चांगले फोटो गेले नाहीत, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. मॉडेल म्हणून शेजारच्या चांगुणाकाकू आणि त्यांची सून अपूर्वा नटून उभ्या होत्या. फोटोला कोवळं ऊन चांगलं, हे सृष्टीला ठाऊक होतं. पण कोवळ्या उन्हाच्या वेळी दोघी धारा काढायला बसतात आणि डेअरीची गाडी कुणाच्या फोटोसाठी थांबत नाही. म्हणून मुहूर्त निघाला भर दुपारचा.

पहिल्याच फोटोत काकूंचे डोळे मिटलेले आणि नाकाखाली सावलीची काळीकुट्ट मिशी.

"आगं, ह्यो तर माजा दीर दिसतोय!" काकू म्हणाल्या.

मग सृष्टीने दोघींना भाजीच्या रोपांवरच्या हिरव्या जाळीखाली नेलं. गार सावली, दोघी खुशीत. पण फोटोत बघावं तर सासू-सून कारल्यासारख्या हिरव्यागार! अपूर्वा हसून हसून खाली बसली. सृष्टी मात्र रडकुंडीला आली. "धारंची येळ हुत आली," अपूर्वाने हळूच आठवण केली.

सृष्टी गोठ्याच्या दाराशी टेकली. उन्हात कॅमेऱ्याचा पडदा दिसेना, म्हणून हाताला लागलेल्या मला तिने डोक्यावर ओढलं. "मलाबी बगू दे की," म्हणत काकू आत शिरल्या. सृष्टीने मान वळवली आणि बघतच राहिली. काकूंच्या चेहऱ्यावर ना काळी सावली, ना हिरवा रंग. सुरकुतीन् सुरकुती उजळलेली.

"आबा! चार बांबू आना! लवकर!"

गहिनीनाथ बांबू घेऊन धावले. "आगं, लई फाटलाय त्यो."

"भोकं बाजूला घेते मी!"

कितीतरी दिवसांनी मी पुन्हा ताणून उभा राहिलो. ऊन मुकाट्याने अंगावर घेतलं आणि खाली दोघींना बेताचं तेवढंच दिलं. काकू लाजल्या, अपूर्वाने त्यांचा पदर नीट केला, आणि गायी हंबरेपर्यंत सृष्टी फोटो काढत राहिली.

धारा चालू असतानाच विजयाताईंचा फोन आला. "सृष्टी, पहाटे उठून काढलेस वाटतं? किती मऊ उजेड आहे गं! पुढच्या साड्याही तुझ्याकडेच पाठवते."

"कशाची पहाट, बाई! टळटळीत दुपार हुती!" बादलीवरून काकूंनी ठणकावलं.

आता अपूर्वाने माझी भोकं शिवली आहेत. धुऊन, घडी घालून मला कॅमेऱ्याच्या पिशवीशेजारी ठेवतात. मी एकाही फोटोत दिसत नाही, तरी खरं सांगतो, मला फार आनंद होतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा जुना पांढरा कपडा कोपऱ्यात पडला असेल. त्याला फेकू नका. धुवा, शिवा, भर उन्हात चौघांनी चार टोकं धरा आणि त्याच्याखाली एकदा आपल्या आईला उभं करून बघा.