अकरा ते चार

आमच्या मिशनच्या दवाखान्यात नर्सने आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम करायचं असा नियम होता. नियम चांगलाच होता. फक्त तो घड्याळाला माहीत होता, पेशंटना नव्हता. सकाळी सात ते अकरा आणि दुपारी चार ते आठ अशी तुटक पाळी असायची. पुढची बाई आली नाही तर मागचीनं थांबायचं, आणि पुढची बाई वेळेवर आलेली मी क्वचितच पाहिली. मधला अकरा ते चारचा वेळ तेवढा आमचा. त्यात आम्ही धुणं धुवायचो, नळावर भांडायचो, जमलं तर डोळा लावायचो. मरियम मात्र अकराचा टोल पडला की पिशवी उचलून वेशीवरच्या दिल्ली दरवाजाकडे सुटायची. टांगा मिळाला तर टांग्यानं, नाहीतर पायी, पण सावेडी गाठायची.

बहात्तर साल होतं. सावेडी म्हणजे तेव्हा शेतांमध्ये उभे राहिलेले थोडे नवे बंगले. त्यातल्या एकात एका डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणाचा दवाखाना काढला होता आणि मरियम तिथली दुपारची नर्स होती. मला हे ठाऊक होतं, कारण आम्ही दोघी एकाच बायकांच्या वॉर्डात, आणि क्वार्टरच्या खोल्याही शेजारी. बाकी कुणाला ठाऊक नाही, अशी आमची समजूत होती.

कळलं तर काय होईल तेही आम्हाला दिसलेलं होतं. उन्हाळ्यात विजयमाला नावाची आमची एक नर्स घरोघर इंजेक्शनं देताना सापडली, आणि मेट्रनबाईंनी तिची नोकरी आणि खोली दोन्ही काढून घेतली. "बाहेर काम करणारीला इथे जागा नाही," एवढंच त्या बोलल्या. विजयमाला निदान एकटी होती. मरियमच्या खोलीत याकोब होता, तिचा नवरा. पारनेरकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होता, छातीच्या रोगानं घरी बसला. औषध दवाखान्यातून मिळायचं, पण डॉक्टर म्हणायचे, दूध द्या, अंडी द्या. दुष्काळात लोक रेशनची परदेशी लाल ज्वारी, तो मिलो, गिळत होते, आणि हे म्हणतात दूध द्या. नर्सच्या नोकरीत खोली होती, औषध होतं, दूध नव्हतं. दूध सावेडीला होतं.

सावेडी सुरू झाल्यापासून मरियमचे पाय काही एका जागी ठरेनात. रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात प्रार्थनेला बसली तरी तिची टाच हलत असायची. थर्मामीटर पेशंटच्या तोंडात आणि हिचे डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. एकदा तिनं आमच्या वॉर्डात सावेडीच्या कुठल्याशा बाळंतिणीच्या नावानं हाक मारली, आणि आमच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "दोन दगडांवर पाय ठेवलायस मरियम, पडशील."

"एका दगडावर आम्ही दोघं मावत नाही गं," ती म्हणाली, आणि साडी बदलायला पळाली. आमच्या साडीला निळा काठ होता, सावेडीची साधी पांढरी. दिवसातून दोनदा ती बाई काठ घालायची आणि काढायची.

श्रावणात एक दिवस चार वाजून गेले तरी ती आली नाही. तिचे पेशंट आणि माझे पेशंट मी एकटीच बघत होते, आणि मनातल्या मनात तिला शिव्या घालत होते. आली तेव्हा सव्वापाच झाले होते. अंगावर साडी सावेडीचीच, बाहीवर रक्ताचा डाग. आणि दारातच मेट्रनबाई.

"कुठे होतीस?"

"याकोबच्या तोंडातून रक्त पडलं, मेट्रनबाई."

मला ते मुळीच आवडलं नाही. खोटं बोलायचं तर स्वतःचं डोकं दुखवावं, आजारी माणसाच्या तोंडून रक्त काढू नये. मेट्रनबाईंचा चेहरा उतरला. "मग इकडे कशाला आलीस?" त्या म्हणाल्या. मरियम म्हणाली, आता ठीक आहे, झोपलाय. मेट्रनबाई बाहेर गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या, मरियमच्या हातातला ट्रे घेतला आणि तिच्या सगळ्या पेशंटचा ताप त्यांनी स्वतः पाहिला. मेट्रननं हातात थर्मामीटर धरलेला मी नोकरीत पहिल्यांदा बघत होते. मला वाटलं, याकोबची दया आली असेल.

पाळी संपल्यावर मी मरियमला धरलं. ती म्हणाली, डॉक्टरीणबाई पुण्याला गेल्या होत्या. एक पहिलटकरीण अडली. बाळाच्या गळ्यात नाळेचा वेढा, बाळ निळं पडलेलं. ते रडेपर्यंत हिनं त्याच्या तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली. "चार वाजले म्हणून सोडून येऊ का? तूच सांग." मी काय सांगणार? मीही आले नसते. पण तसं बोलले असते तर ती शेफारली असती, म्हणून म्हटलं, आधी तो बाहीवरचा डाग धू.

त्यानंतर महिन्याभरानं, सकाळची पाळी संपत आली होती. मेट्रनबाई वॉर्डात फेरीला आल्या होत्या. तेवढ्यात नऊवारी नेसलेली, उन्हानं रापलेली एक म्हातारी हातात झाकलेलं ताट घेऊन आत शिरली. मागून वॉर्डबॉय "अहो आजी, अहो आजी" करत होता. तिनं सगळ्यांची तोंडं निरखली आणि सरळ मरियमपुढे येऊन उभी राहिली.

"ह्याच त्या बाई," ती म्हणाली. "मी मालनबाई. वळखलं न्हाई व्हय? सावेडीला माझ्या लेकीची सुटका तुमीच केली न्हवं? लेकरू निळं पडल्यालं. मी दारातच हुते की."

मालनबाईंनी ताटावरचं फडकं काढलं. खण, नारळ, हळकुंड आणि ओंजळभर गहू. त्या दिवसांत गहू बघायला मिळणंसुद्धा मुश्कील, म्हातारीनं कुठून आणला होता तिलाच ठाऊक.

"उद्या लेक कोपरगावला सासरी जायची," ती सांगत होती. "जिच्या हातानं लेकरू झालं तिची वटी भरल्याबिगर त्याला शिवंभाईर न्हेत न्हाईत आमच्यात. सावेडीला गेल्ते, तिथली आया म्हनली, बाई सकाळच्याला इथं असत्यात. कुंकू चालत नसंल तुमच्यात तर न्हाई लावत. पदर तेवढा पसरा."

मग मीच पुढे झाले. "मावशी, तुमची काहीतरी गल्लत होतेय. ही इथली नर्स, ही कशाला जाईल सावेडीला? पांढऱ्या साडीत आम्ही सगळ्या सारख्याच दिसतो."

म्हातारीनं मरियमकडे पाहिलं. मरियमनं मान खाली घातली. "ह्या न्हाईत?" मालनबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मंग आता कुनाची वटी भरू? लेकरू न्यायचं कसं?"

मेट्रनबाई खिडकीशी उभ्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक सुकलेला लिंब आणि त्याखाली रिकामी टाकी. मला वाटलं, निभावलं. म्हातारीनं ताटावर पुन्हा फडकं टाकलं, ते नीट बसेना म्हणून दोनदा ओढलं, आणि ती दाराकडे वळली.

"थांबा मावशी," मरियम म्हणाली. "मीच ती."

मी तिच्या दंडाला चिमटा काढला. तिनं माझा हात बाजूला केला आणि निळ्या काठाचा पदर दोन्ही हातांनी पुढे धरला. मालनबाईंनी त्यात खण ठेवला, नारळ ठेवला, गहू ओतले. मग मरियमच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "औक्षवंत व्हा," म्हणाल्या. "माझं लेकरू आता सुखानं जाईल." आणि डोळे पुसत निघून गेल्या.

मेट्रनबाई वळल्या. सगळा वॉर्ड त्यांच्याकडे बघत होता, खाटांवरच्या बायकासुद्धा.

"महिनाअखेर खोली रिकामी कर," त्या म्हणाल्या. "याकोबचं औषध चालू राहील. ते त्याचं आहे, तुझ्या नोकरीचं नाही."

मरियम नुसती उभी राहिली. पदरात ओटी, त्यामुळे हातसुद्धा मोकळे नव्हते. मला इतका संताप आला होता की तो कुणावर काढावा हेच कळेना.

मेट्रनबाई जवळ आल्या आणि आवाज खाली आणून बोलल्या, पण मी शेजारीच होते, मला सगळं ऐकू आलं.

"त्या दिवशी मी तुझ्या खोलीवर गेले होते. म्हटलं, रक्त पडलंय, बघून यावं. याकोब खाटेवर बसून पेपर वाचत होता. मला म्हणाला, मरियम अजून सावेडीहून आली नाही का?"

मरियमनं वर पाहिलं. "मग तेव्हाच का नाही काढलंत मला?"

"काढायला मला कळलेलं असायला हवं होतं," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी कळून घेतलं नाही. आजसुद्धा खिडकीकडे तोंड करून उभी होते. तू नुसतं नाही म्हणायचं होतंस, मरियम. म्हातारी निघालीच होती."

"बाळाला कोपरगावला जायचं होतं," मरियम म्हणाली.

अकराचा टोल पडला. मरियमची टाच हलली नाही, ती तिथेच उभी राहिली. शेवटी मेट्रनबाईंनीच खुंटीवरची तिची पिशवी काढली, तिच्या पदरातला नारळ उचलून आत ठेवला आणि पिशवी तिच्या खांद्याला अडकवली.

"जा आता," त्या म्हणाल्या. "टांगा निघून जाईल."