पाचव्या थांब्यावरचा हात

माझ्या तोंडात चार दात उरलेत. आता सांगते त्यातला एक शब्द जरी खोटा निघाला तर चारही आत्ता इथे ओंजळीत पडू देत. हसू नका. आमची मावशी शिंकली की बस डावीकडे सरकायची, असं सांगितलं तेव्हाही दात काढलेत. तेही खरंच होतं.

तेवीस वर्षं मी शाळेची बस चालवली. मावशी म्हणजे पोरांना चढवणारी-उतरवणारी बाई. वयाने माझ्याहून लहान, पण बसमध्ये सगळ्यांची मावशी, म्हणून माझीही. सतरा पोरं आणि पाच थांबे. शेवटच्या थांब्यावर, पाण्याच्या टाकीमागे, एकच पोर उतरायची. सहा वर्षांची. दप्तर मांडीवर घेऊन अशी गोळा होऊन बसायची की आम्ही तिला गाठोडं म्हणायचो. चौथ्या थांब्यानंतर बसमध्ये आम्ही तिघीच.

आमचा एक नियम होता. हात दिसल्याशिवाय पोर सोडायचं नाही. न्यायला आलेल्या माणसाने हात करायचा, तो मी आरशात ओळखायचा आणि मगच दाराचा दांडा ओढायचा. प्रत्येकाचा हात वेगळा. बेकरीपाशी एक आई पदर सावरल्यासारखा करायची, दवाखान्यासमोर एक काका नुसतं बोट. गाठोड्याचे आजोबा मूठ दोनदा उघडझाप करायचे, लिंबू पिळल्यासारखी. इतक्या वर्षांत माझं असं झालं होतं की हात दिसला की दांडा आपोआप ओढला जायचा, डोकं मागाहून यायचं.

एका सोमवारी पहिल्या थांब्यावर एक माणूस दिसला. राखाडी शर्ट, काखेत मिटलेली छत्री, बूट असे चकचकीत की त्यात बसचा नंबर वाचता यावा. आयांना वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी असेल. पोरं उतरली, घरी गेली, हा तिथेच. उतरलेल्या पोरांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. खिडक्यांकडे बघत होता आणि ओठ हलत होते.

मंगळवारी तो दुसऱ्या थांब्यावर. बुधवारी तिसऱ्या.

"मावशी, हा मोजतोय गं," मी म्हटलं.

"काय मोजतोय?"

"बसमध्ये किती उरली ते."

मावशीने मागे वळून उरलेली पोरं मोजली.

मी शाळेत कारकुनाला सांगितलं. त्याने रजिस्टरमधून मान वर केली नाही. "रस्त्यावर उभं राहायला बंदी आहे का, बाई?"

"रोज एक थांबा पुढे सरकतोय तो."

"मग शुक्रवारी संपतील की थांबे. शनिवारी सुट्टीच आहे."

गुरुवारी तो चौथ्यावर होता. तिथलं शेवटचं पोर उतरल्यावर त्याने खिडकीतून गाठोड्याकडे पाहिलं आणि ओठ एकदाच हलले. एक.

रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी मावशीला म्हटलं, "आज रस्ता उलटा घ्यायचा. गाठोडं आधी, बेकरी शेवटी. तो पोचायच्या आत पोर आजोबांच्या हातात."

"बायका बोंबलतील."

"बोंबलू देत."

मोठी हुशारी केली असं वाटून मी वाटेत शिट्टीसुद्धा वाजवली. टाकीचं वळण घेतलं आणि माझ्या लक्षात आलं. आजोबा घड्याळ लावून दोनला यायचे. आणि आम्ही दीडलाच आलो होतो. तिथे आजोबा नव्हते.

तो होता.

अर्धा तास आधी, छत्री काखेत, जणू कुणी निरोप धाडला होता. आणि त्याने हात वर केला. मूठ दोनदा उघडझाप. लिंबू पिळल्यासारखी. हुबेहूब. या थांब्यावर तर तो आम्हाला आधी कधी दिसलाच नव्हता.

माझा हात दांड्यावर गेला आणि तिथेच थांबला. दार बंदच राहिलं. तो काचेपाशी आला. "आजोबांना बरं नाही. मला पाठवलंय."

"गाठोड्या, कोण गं हे?" मी विचारलं.

तिने दप्तर आणखी घट्ट धरलं आणि मान हलवली. नाही.

मग मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. टाकीमागच्या सगळ्या घरांच्या खिडक्या उघडल्या. काठी टेकत धावत येणारे आजोबा दिसले, आणि वळून बघते तर माणूस नाही. आजोबा ठणठणीत होते. असल्या कुणाला ओळखत नाही म्हणाले, आणि त्यांनी पोरीला उचलून घेतलं, दप्तर मावशीने धरलं.

तो पुन्हा दिसला नाही. सोमवारपासून मी रस्ता उलटाच ठेवला. बायका बोंबलल्या, मी ऐकलं नाही.

आता असे बघू नका माझ्याकडे. बरं, एक गोष्ट मी रचली. एकच.

दार बंद राहिलं नाही. हात दिसला आणि मी दांडा ओढला, तेवीस वर्षं ओढला तसाच. तो आत चढला. पायरीवर उभा राहून त्याने एकेका पोराकडे पाहिलं, ओठ हलवत, शेवटच्या बाकापर्यंत. सतरा. मावशी जागची हलली नाही. मीही नाही. हॉर्न मी वाजवला तो नंतर.

"आज गर्दी आहे," असं म्हणाला तो, अगदी सभ्यपणे, आणि आपण होऊन उतरला.

आजोबांना मी दार बंद होतं असंच सांगितलं.