चौथ्या रिळाचा डबा

मी एक जुना डबा आहे, पत्र्याचा, ताटाएवढा गोल. नाक मुरडू नका मित्रांनो, माझ्यात पीठमीठ नव्हतं, सिनेमाचं रीळ होतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या आमच्या बुर्किना फासोवर गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हा सिनेमेही त्यांचेच. आमच्या माणसांनी परवानगीशिवाय कॅमेरा धरायचा नाही, असा दंडक. स्वातंत्र्यानंतर मात्र आमच्या लोकांनी आमच्या जुला भाषेत सिनेमा काढला. त्याची सहा रिळं, सहा डबे. मी चौथा. बोबो-जुलासो शहरातल्या थेटरात आम्ही केलेतिगी ऑपरेटरच्या हाती पडलो.

चौथ्या रिळात त्याची आई होती, नाबिंतूबाई. त्यांनी विहिरीवर नुसतं उभं राहायचं होतं. पण पाहुणा आला की आधी पाणी द्यायचं, ही आमची रीत. समोर परका कॅमेरा दिसताच बाईंनी सुक्या भोपळ्याचा वाडगा पाण्याने भरून थेट त्याच्यापुढे धरला. "दमून आलायस बाबा, घे पाणी!" दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलं. त्या जागी अख्खं थेटर बाईंबरोबर ओरडायचं. डब्याला ऊर असता तर भरून आला असता.

पुढे बाई वारल्या. रीळ चालवावं तितके ओरखडे पडतात. आईच्या गालावर रेघा दिसू लागल्या, तसा केलेतिगी धास्तावला. मला प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून त्याने घरच्या लोखंडी पेटीत कोंडलं. "चौथं तुटलं," असं सगळ्यांना सांगितलं. तिसरं संपलं की स्वतः पडद्यापुढे येऊन तो मधली गोष्ट तोंडी सांगायचा.

दारावर तिकिटं फाडायला हामा फुलानी. तो सोडतोय होय! केलेतिगी बोबो जमातीचा. आमच्याकडे शेतकरी बोबो आणि गुराखी फुलानी एकमेकांची टर उडवणारच, रागवायचं नसतं.

"बोबोच्या हाती रीळ दिलं, बुडवलं असेल ज्वारीच्या दारूत!"

"गप रे, गाईच्या शेपटीला लटकणाऱ्या!"

कालांतराने थेटर बंद पडलं. मग राजधानीतून मिनाता नावाची मुलगी जुने सिनेमे गोळा करत आली.

"काका, या सिनेमाची दुसरी प्रत कुठेच उरली नाही."

केलेतिगी हरखला. त्याने मला दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. "घे पोरी. इतकी वर्षं एक ओरखडा पडू दिला नाही."

झाकण निघालं आणि आंबट वास सुटला. बंद पेटीत, वारा न लागता, उन्हाळ्यामागून उन्हाळे तापून रिळाचा चिकट गोळा झाला होता. थेटरातल्या उघड्या फळीवरची, ओरखडलेली बाकीची पाच मात्र धडधाकट. मला फार वाईट वाटलं. राखणदार मीच होतो ना!

केलेतिगी जमिनीवरच बसला. "मीच घालवलं तिला."

हामाला त्या दिवशी टर सुचली नाही. "ऊठ रे बोबो," तो म्हणाला, "चौथं रीळ तुझ्या तोंडात आहे की."

संध्याकाळी थेटराच्या अंगणात पडदा लागला, माणसं जमली. तिसरं रीळ संपलं, केलेतिगी पुढे आला. त्याचं सांगणं टिपायला मिनाताने कॅमेरा सुरू केला. विहिरीपर्यंत त्याने नीट सांगितलं. मग त्याने नुसती ओंजळ कॅमेऱ्यापुढे धरली. सगळं अंगण ओरडलं, "दमून आलायस बाबा, घे पाणी!"

मी आता रिकामाच असतो. मित्रांनो, आवडती वस्तू जपा, पण कोंडून ठेवू नका. तिला वारा लागू द्या, चार माणसांना दाखवा. पडले ओरखडे तर पडू देत. रेघांच्या आडून का होईना, नाबिंतूबाई आज दिसल्या असत्या.