पडदा ‘ड्रॉ’ केला तो दिवस

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. शिरड शहापूरजवळच्या एका शाळेत, पाचवीच्या वर्गात, पश्चिमेच्या खिडकीवर लटकतो. याच वर्गातल्या समरीनची आई जुलेखा शिवणकाम करते. लग्नाच्या मांडवातून उरलेल्या निळ्या कापडातून तिने मला शिवलं. पहिल्या दिवशी पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग सवय झाली, आणि पोरं खिचडीचे हात माझ्यावरच पुसू लागली. खाली एक भोकही पडलं.

यंदा गावातली लेकरं हिंगोलीच्या इंग्रजी शाळांकडे निघाली होती. वर्गातली बाकं रिकामी पडू लागली. म्हणून शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर वर्गशिक्षिका निताबाईंनी पालकांनाच बोलावलं. "आपल्या लेकरांचं इंग्रजी येऊन ऐका, मग काय ते ठरवा."

साहेब दुपारी आले. मी अर्धा बाजूला सरकलेला होतो, त्यामुळे खुर्चीत टेकताच ऊन थेट त्यांच्या डोळ्यांत गेलं. ते म्हणाले, "ड्रॉ द कर्टन, प्लीज."

वर्ग खूश झाला. ड्रॉ म्हणजे काढणे! बाईंनी पाठच करून घेतलं होतं. सगळ्यांनी वह्या उघडल्या आणि माझं चित्र काढायला घेतलं. इतकं निरखून मला कुणी कधी पाहिलं नव्हतं. वारा सुटला होता, तरी मी हललो नाही.

धम्मानंदला मात्र चित्र मान्य नव्हतं. पडदा काढा म्हणजे पडदा काढा! तो बाकावर चढला, मला तारेवरून उतरवलं आणि घडी घालून साहेबांच्या मांडीवर ठेवलं.

"आरं, काहून काढलास?" समरीन ओरडली. "माझं भोक काढायचं राहिलं ना!"

आता सगळ्या वर्गात ऊन. बाईंचा चेहरा उतरला. बाहेर पालक कुजबुजू लागले.

"अहो, मी पडदा ओढा म्हणालो!" साहेब डोळ्यांवर हात धरून म्हणाले.

"साहेब, ड्रॉ म्हणजे काढणे, हे पोरगीनं मला बी शिकवलंय," खिडकीतून जुलेखा म्हणाली. "आमी चित्र काढतो, दूध काढतो, पाणी काढतो. ह्यात ओढणं कुठून आलं?"

साहेब खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "आडातलं पाणी कसं काढता?"

"दोर ओढून. आन कसं?"

"झालं तर! ड्रॉ म्हणजे काढणंही आणि ओढणंही. पोरांचं चुकलं नाही, शिकवलेलं त्यांना पक्कं येतं."

जुलेखा आधी हसली, मग बाई, मग सगळे. साहेबांनी स्वतः मला तारेवर चढवलं, सर्रकन ओढलं आणि पोरांत बसून माझं चित्र काढलं.

"साहेब, ही तर लुंगी हाय," समरीन म्हणाली.

मित्रांनो, शब्द चुकला तर लाजू नका, विचारा. आणि वर्गातल्या जुन्या वस्तूंना जपा, त्याही तुमच्याबरोबर शिकत असतात. मी त्या दिवशी आणखी एक शिकलो. लेकरांनी शाळेचं नाव काढलं, म्हणून एकाही पालकाने शाळेतून नाव काढलं नाही.