गुडघ्याची बातमी कुणी फोडली

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. बसायचा नव्हे, झोपायचा. एका फुटबॉल क्लबात खेळाडूंना मालिश करण्यासाठी मला बनवले. ज्या सुताराने मला घडवले तो स्वतः त्या क्लबाचा चाहता होता, म्हणून त्याने माझे पाय गरजेपेक्षा जाड ठेवले. आत काथ्या, वर तपकिरी रेक्झिन आणि एका टोकाला तोंड खुपसायला गोल भोक, असा मी तयार झालो.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली एक बुटकी खोली होती. तिथे मला ठेवले. खोलीला उंचावर एक झरोका होता. त्याच्या पलीकडे गल्ली आणि गल्लीत तिकिटांची खिडकी. त्यामुळे आत मला खेळाडूंचे अंग कळे आणि बाहेरून चाहत्यांचे मन. हंगाम सुरू होण्याआधी लोक सीझनच्या तिकिटासाठी रांग लावत. ते एकदा काढले की वर्षभर घरच्या मैदानावरचे सगळे सामने आणि आपली ठरलेली खुर्ची.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगतो. त्यात माझा दोष नाही. माझ्यावर झोपणारा प्रत्येक जण "काही नाही, ठीक आहे" म्हणे आणि दुखऱ्या बाजूचा भार हळूच दुसऱ्या बाजूला टाके. तो भार मला लगेच समजे. अशी वीस वर्षे काढल्यावर कुणाच्या शब्दावर विश्वास बसेनासा होतो.

विश्वास होता तो फक्त मालिशवाल्या काकांच्या हातांवर. काका अंगाने लहान आणि बोलायला त्याहून लहान. खेळाडूच्या अंगाला लावण्याआधी ते दोन्ही तळवे चोळून गरम करत. रोज काम आटोपले की मला ओल्या फडक्याने पुसत, कुठे उसवले असेल तर दाभण घेऊन शिवत. ज्या वर्षी क्लबाने चषक जिंकला त्या वर्षी अकराच्या अकरा जणांनी माझ्याभोवती उभे राहून फोटो काढला. त्या फोटोत मी आहे, काका नाहीत. कुणीतरी त्यांनाच कॅमेरा धरायला दिला होता.

मग थोरले मालक थकले आणि क्लब विकला गेला. नवे मालक दोन महिने कुणाला दिसलेच नाहीत. तिकिटांच्या खिडकीवर मात्र एक भलेमोठे पोस्टर लागले. त्यावर आमचा सगळ्यात लाडका खेळाडू होता. तो डाव्या पायाने गोल मारायचा, म्हणून सगळे त्याला डावरा म्हणत. पोस्टरवर लिहिले होते, 'यंदा डावरा जोमात'. माझ्या मनात पाल चुकचुकली. मागच्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात डावऱ्याचा डावा गुडघा पिरगळला होता. तो कधीच बरा झाला असे लोकांना वाटत होते, पण अजूनही डावरा माझ्यावर चढताना उजवा पाय आधी टाकत होता.

रांगेत तर रोज नव्या शंका निघत. गल्लीच्या टोकाला दुकान असलेल्या शिंपीणबाई आणि त्यांचा बस कंडक्टर दीर, हे दोघे वीस वर्षे शेजारशेजारच्या खुर्च्या घेत आले होते.

"वहिनी, यंदा तिकीट काढू नका," कंडक्टर म्हणाला. "या माणसाला फुटबॉलशी देणंघेणं नाही. त्याचा डोळा मैदानाच्या जागेवर आहे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? ज्याला खेळाची आवड आहे तो पहिल्या दिवशी गवतावर येऊन उभा राहतो. हा आला का? कुठेतरी पाणी मुरतंय. आणि ते मालिशवाले काका, तेही त्याचेच. सगळं माहीत असून गप्प बसलेत."

काका आत माझ्याजवळच उभे होते. त्यांनी तेलाच्या बाटलीचे झाकण लावले, एवढेच.

त्याच दुपारी नवे मालक आमच्या खोलीत आले. कपडे साधे, बोलणे गोड. ते माझ्यावर टेकले, पण अर्धेच. केव्हाही उठून जाता यावे असा सगळा भार त्यांनी पायांवर ठेवला होता. मला ते आवडले नाही.

"काका, अजून आठ दिवस तिकिटं विकायची आहेत," ते म्हणाले. "तोवर डावरा फिट आहे, एवढंच तुमच्या तोंडून लोकांना कळू द्या."

"तो फिट नाही," काका म्हणाले. "सहा महिने त्याला मैदानावर उतरवू नका."

"मग निदान काही बोलू नका."

"मी कधीच बोलत नाही, साहेब."

दोनच दिवसांनी झरोक्यातून नवी कुजबुज ऐकू आली. डावऱ्याचा गुडघा गेलाय. पोस्टर खोटं आहे. रांग निम्म्यावर आली. मालक पुन्हा खोलीत आले, या वेळी टेकलेही नाहीत.

"ही गोष्ट तीन माणसांना माहीत होती. मी सांगितली नाही. डावरा स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणार नाही. उरलात तुम्ही."

काका काही बोलले नाहीत. मित्रांनो, खरे सांगतो, मलाही त्यांचाच संशय आला. ते रोज झरोक्याखाली उभे राहून डबा खात. बाहेर दोन शब्द टाकायला किती वेळ लागतो? शिवाय ज्याने काही केले नाही तो निदान 'मी नाही' एवढे तरी म्हणतो. काकांनी बाटल्या पिशवीत भरल्या, मला पुसले आणि गेले. डावरा हे सगळे ऐकत कोपऱ्यात बसून बुटाची नाडी सोडत आणि बांधत राहिला.

दुसऱ्या सकाळी रांगेत कंडक्टर सहज म्हणाला, "काकांना काढलं म्हणे. गुडघ्याची बातमी फोडली म्हणून."

शिंपीणबाईंचा आवाज एकदम खाली आला. मग त्या म्हणाल्या, "भावोजी, ती बातमी तुम्हाला कुणी दिली होती?"

"तुम्हीच. जेवताना."

"आणि बसमध्ये कुणी वाटली?"

"आता आपण कशाला मध्ये पडायचं, वहिनी. तो माणूस तसाही मालकाचाच."

"मालकाचा असता तर मालकाने काढला असता का?"

एवढे बोलून त्या थेट आत आल्या. मागोमाग कंडक्टर, मान खाली घालून. खोलीत मालक डावऱ्याला सांगत होते की दुपारी तिकीट काढणाऱ्यांसमोर दोन फेऱ्या धावून दाखव, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील.

"गुडघ्याचं मी बोलले," शिंपीणबाई म्हणाल्या. "काका नाही."

मालक हसले. "काकांनी पाठवलंय तुम्हाला. तुम्हाला कसं कळणार?"

"क्लबच्या विजारी मी शिवते. मागच्या महिन्यात याच खोलीत मापं घेतली. याची डावी मांडी उजवीपेक्षा दोन बोटं कमी भरली. वाटलं टेप सरकली, म्हणून दोनदा घेतली. माझ्या सासऱ्यांचा गुडघा गेला तेव्हा त्यांचीही मांडी अशीच वाळली होती."

"माप काय, कुणीही सांगेल."

शिंपीणबाईंनी गळ्यातली टेप काढली. "झोप रे जरा," त्या डावऱ्याला म्हणाल्या.

तो माझ्यावर आडवा झाला. त्यांनी आधी उजवी मांडी मोजली, मग डावी, आणि टेपवर बोट तसेच ठेवून मालकांपुढे धरले. फरक आता तीन बोटांचा होता. तेव्हा डावऱ्याने तो पाय, इतके महिने अधांतरी सांभाळलेला, पूर्ण वजनासकट माझ्यावर टाकून दिला.

"मला धावता येणार नाही," तो म्हणाला. "दुपारी उतरलो तर पडेन."

"मग इतकं वाईट आहे हे तू स्वतः मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला विकून टाकलं असतं."

मालक माझ्या कडेला टेकले. "तुम्हा सगळ्यांना मीच चोर वाटतो," ते म्हणाले. "मला मैदान विकायचं नाहीये." शिंपीणबाईंनी टेप गुंडाळली. ते खरे बोलत होते का, मला आजही सांगता येत नाही. त्यांचा भार तेव्हाही पायांवरच होता.

त्या संध्याकाळी पोस्टर उतरले. ज्यांना तिकीट परत करायचे होते त्यांना मुभा मिळाली आणि निम्म्या लोकांनी परत केले. शिंपीणबाईंनी ठेवले, पण विजारींचे काम मात्र क्लबाने त्यांच्याकडून काढून घेतले. काकांना कुणी परत बोलावले नाही. एकदा संशय घेतलेल्या माणसाला परत बोलवायचे म्हणजे आपण चुकलो असे म्हणावे लागते, आणि ते मालकांना जमले नसावे.

माझ्या जागी चाकांचा पांढरा लोखंडी बाक आला. मी जिन्याखाली गेलो. वर फुटके चेंडू, खाली गळक्या नळाचे पाणी. माझा एक पाय फुगला. मग एके दिवशी मला भंगारात काढल्याचे कळताच कंडक्टर आला. त्याने मला एकट्याने गल्लीभर ओढत नेले, वाटेत चार वेळा थांबून कंबर धरली, आणि शिंपीणबाईंच्या दुकानामागच्या खोलीत आणून ठेवले. तिथे काकांनी आपले काम सुरू केले होते. त्यांनी माझा फुगलेला पाय वाळवला, तासला आणि खाली पत्रा ठोकला.

डावरा सात महिने तिथे येत राहिला. तो पुन्हा खेळला. पूर्वीसारखा सुसाट नाही, शेवटचा अर्धा तास फक्त, पण दुखणे न लपवता.

आणि एक दिवस कंडक्टर स्वतः कंबर धरून आला. पालथा झोपला आणि भोकात तोंड घातले.

"काका," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्हाला काढलं त्या दिवशी मला माहीत होतं, बातमी कुणी फोडली ते. मी बोललो नाही."

"मलाही माहीत होतं," काका म्हणाले. "माप घेतलं त्या दिवशी तुमच्या वहिनींनी मला बाहेर गल्लीत गाठून विचारलं होतं, काका, ही मांडी अशी का? मी त्यांचं नाव घेतलं असतं तर त्यांचं काम तेव्हाच गेलं असतं. श्वास सोडा."

कंडक्टरने श्वास सोडला. त्याची छाती माझ्यावर कितीतरी वेळ हलत होती, आणि ती दुखण्याने नव्हे.

मित्रांनो, मीही त्या माणसाच्या हाताखाली वीस वर्षे राहून त्याच्यावर संशय घेतला. तुम्हालाही संशय येईल, तो येण्यावर कुणाचा ताबा नसतो. पण तो आला की रांगेतल्या शेजाऱ्याच्या कानात सांगू नका. ज्याचा संशय आला त्याच्याच समोर जाऊन उभे राहा आणि विचारा. तो गप्प राहिला, तर तो कुणासाठी गप्प आहे, एवढे तरी मनात आणा.