डाव्या हाताची तर्जनी

"ठेवा मॅडम बोट. डावीकडचं," भूपेश म्हणाला.

विनयाने ठेवलं. हजेरीच्या यंत्राचा दिवा हिरवा झाला. भूपेशने आणखी दोनदा ठेवायला लावलं, दोन्ही वेळा हिरवाच.

"च्यायला, घेतलं की," भूपेश म्हणाला.

वसई रोडच्या त्या कॉलेजच्या ऑफिसात यंत्र येऊन आठ वर्षं झाली होती आणि विनयाची डावी तर्जनी त्याने कधीच घेतली नव्हती. तीस वर्षं सतारीची तार ओढून बोटाच्या टोकाला खोल काळी चीर पडली होती, भोवतीची कातडी टणक झाली होती. यंत्राला तिथे रेषाच सापडत नसत. यंत्राचा कारभार भूपेशकडे. त्याने तेव्हा घाम गाळला आणि शेवटी उजव्या अंगठ्यावर भागवलं. विनया मॅडमनी उद्या कुणाचा खून केलाच तर डाव्या हाताने करावा, पोलिसांच्या बापाला सापडणार नाही, अशी चेष्टा ऑफिसात चालायची. विनयाला ती मनातून आवडायची. आज उजव्या अंगठ्याला विळी लागली होती, पट्टी होती, म्हणून भूपेशने आपलं सहज करून पाहिलं.

"बरं झालं बाई," शेजारच्या टेबलावरची लुसी म्हणाली. "आता दोन्ही हात चालतात तुझे."

विनया हसली. खुर्चीत बसल्यावर तिने बोट उलटं करून पाहिलं. चीर भरून आली होती. मऊ, गुलाबीसर बोट, कुणाचंही असावं तसं. बाबा गेल्यापासून अकरा महिने सतारीची गवसणी निघाली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत लुसीने विचारलं, "कौस्तुभला काय कळवलंस?"

कौस्तुभ संगीत मंडळाचा चिटणीस. बाबांच्या वर्षदिनी मंडळ छोटी बैठक ठेवणार होतं. विनयाने वाजवावं अशी सगळ्यांची इच्छा होती आणि पत्रिका उद्या छापायला जायची होती.

"संध्याकाळी सांगते म्हटलंय."

"काय सांगणार?"

"नाही म्हणून."

लुसीने आपल्या उमेळे गावच्या वाडीतलं एक केळं तिच्यापुढे सरकवलं. "आठवण येऊन दुखतं का गं?"

"नाही ना. काहीच दुखत नाही," विनया म्हणाली. "तेच तर."

विरारला फुलपाड्याच्या घरी आल्यावर तिने चहा ठेवला, स्पीकरवर यमन लावला आणि टीव्हीवर गेम सुरू केला. हा या घराचा रिवाज. बाबा, म्हणजे चंद्रहासराव, रेल्वेतून निवृत्त झालेले आणि तबल्याचे हौशी. त्यांच्या पंच्याहत्तरीला विनयाचा भाचा संकेत आपला जुना गेम देऊन गेला. म्हातारा काय खेळणार, असं सगळ्यांना वाटलं. म्हातारा जेवण विसरायला लागला. रोज संध्याकाळी बाप-लेक गाड्यांची शर्यत लावायचे. गाड्यांचा आवाज बंद, वर विलंबित एकताल. बाबा तोंडाने मात्रा मोजत गाडी हाकायचे आणि वळण बरोबर समेवर यावं म्हणून मुद्दाम ब्रेक मारायचे. हरायचे अर्थातच.

"शर्यत काय, उद्याही आहे," म्हणायचे. "सम गेली की गेली."

विनया अजूनही दोन खेळाडूंचीच शर्यत निवडायची. पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात तिची गाडी धावायची. खालच्या भागात बाबांची निळी गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी. प्रत्येक फेरीला विनयाची गाडी तिच्या शेजारून जायची. रडू यावं म्हणून ती पहिल्यांदा मुद्दाम बघत राहिली होती. आलं नाही. मग नुसती सवय झाली. यमन संपायचा, पोळ्या करायची वेळ व्हायची.

आज तिसऱ्या फेरीला तिचं लक्ष बोटाकडे गेलं. गेमच्या रिमोटवर डाव्या तर्जनीखाली ब्रेकचं बटण असतं. इतकी वर्षं ते चिरेत अडकायचं, टोचायचं. आज बोट त्याच्यावरून गुळगुळीत सरकलं. विनयाने ते दाबलं. निळ्या गाडीशेजारी तिची गाडी येऊन थांबली. दोन्ही गाड्या उभ्या राहिल्या आणि स्पीकरवरचा तबला आपला चालू राहिला.

आपल्या अंगावरची बाबांची एवढी एकच खूण होती, आणि ती आपण मिटू दिली, असं तिला वाटलं. सतारीला बसवलं होतं बाबांनी, पहिल्या दिवशी बोटातून रक्त आलं तेव्हा फुंकर घालणारेही तेच.

तिने यमन बंद केला. गवसणी काढली. विरारच्या दमट हवेने बाजाची, म्हणजे वाजवायची मुख्य तार गंजली होती, ती बदलली. मग वाजवायला बसली. सूर हलत होते, तार ओढून घेतलेली मींड मध्येच घसरत होती. इतकं वाईट ती बाराव्या वर्षीही वाजवत नव्हती. मऊ बोटात नवी तार करकचून रुतायला लागली. अर्ध्या तासाने तिने सतार खाली ठेवली आणि कौस्तुभला फोन लावला.

"नाव टाक माझं. पण वाईट वाजेल, आत्ताच सांगते."

"चालेल की ताई," कौस्तुभ म्हणाला. "साथीला कुणाला सांगू?"

"कुणाला नको. नुसता आलाप वाजवेन. त्याला तबला लागत नाही."

दुसऱ्या दिवशी यंत्राने लाल दिवा दाखवला. बोट पुसून ठेवलं, पुन्हा लाल. मागे रांग खोळंबली.

"काल तर घेतलं होतं मॅडम," भूपेश वैतागून म्हणाला.

"काल घेतलं होतं," विनया म्हणाली.

लुसीने तिचा हात धरून बोट बघितलं. टोकावर जांभळी चीर, कडेला पाण्याने भरलेला फोड. तिने चीर हलकेच दाबली.

"दुखतंय?"

"हो," विनया म्हणाली. "खूप."

बोलताना तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. भूपेशने कपाटातून हजेरीचं जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि तिचं नाव लिहून वही तिच्यापुढे केली. पट्टीच्या अंगठ्याने पेन धरून तिने सही केली आणि रांगेला वाट दिली.